आम्ही की आपण

"बस की गं एका जागी. बुडाला चटके बसायलेत का?"

येडशीला आल्यापासून माझी मैत्रीण मला हे उठता-बसता ऐकवत होती, आणि खोटं नव्हतं ते. मी तिच्या ओसरीत बसायची, उठायची, अंगणात चकरा मारायची, फाटकाशी जाऊन रस्ता बघायची, परत येऊन बसायची. सत्तरीला टेकलेली बाई मी, गुडघे कुरकुरतायत, पण जीव म्हणून ठिकाणावर नाही. धाराशिवच्या कॉलेजातले एक सर मोटारसायकलवरून येणार होते. त्यांच्या पिशवीत माझी कादंबरी होती, त्यांनी मराठीत केलेली. ती ते माझ्या मैत्रिणीला वाचून दाखवणार होते.

त्यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणून आधी माझं थोडं सांगते.

आम्ही पारशी. येडशी स्टेशनच्या अलीकडं वडिलांचं कापसाचं जिनिंग होतं. आजोबा निजामाच्या राज्यात हैदराबादहून इकडं आले आणि इथलेच झाले. गावात पारशाचं घर एकच. वडिलांना सगळे बावाजी म्हणायचे, मला बावाजीची पोर. घरात गुजराती, फाटकाबाहेर इथली मराठी आणि वडिलांच्या टपालानं येणाऱ्या पेपरात इंग्रजी. अग्यारीला जायचं तर हैदराबाद नाहीतर पुणं गाठायचं. त्यामुळं आमचा सगळा धर्म आईच्या स्वयंपाकघरातच. वाढदिवसाला ती उंबऱ्यावर रांगोळीचे मासे उठवायची आणि गोड शेवया नि दही करायची.

माझ्या मैत्रिणीचं घर जिनिंगच्या कुंपणाला लागून. शेतकऱ्याची मुलगी. तिचा वाढदिवस तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हता, आणि शाळेत गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख माझ्या आईला पसंत नव्हती. मग आईनं स्वतःच तिला एक छानसा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी तिच्यासाठीही मासे आणि शेवया. तिची आई हसायची, म्हणायची, बावाजीबाईनं माझी पोर परत जन्माला घातली.

विशीत मी ग्लासगोला गेले. का गेले, हा प्रश्न मला जन्मभर मुलाखतींतून विचारला गेला आणि दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं. वडिलांचे एक नातेवाईक तिथं होते, हे एक उत्तर. मला गावात श्वास घेता येत नव्हता, हे दुसरं. खरं म्हणजे मला कुठंच बसवत नाही. तिथं एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या, मग टायपिंग, मग एका वाचनालयात नोकरी. घरं किती बदलली ते आठवत नाही. नवरा केला नाही, मूल नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या टेबलावर लिहायला बसायचे आणि ज्या गावात श्वास घेता येत नव्हता म्हणून ओरडत होते, त्याच गावाबद्दल लिहायचे.

पहिली कादंबरी सगळ्यांनी परत पाठवली. दुसरी एका लहानशा प्रकाशकानं छापली, आणि कशी काय कोण जाणे, ती वाचली गेली. मग आठ झाल्या. आठही येडशीवर! नावं बदललेली, पण जिनिंग तेच, स्टेशन तेच, रामलिंगाच्या डोंगरातली माकडंसुद्धा तीच. ग्लासगोचे लोक मला भारतीय लेखिका म्हणत. भारतीय लोक पारशी लेखिका म्हणत. आणि मुंबईचे पारशी म्हणत, छे, ही तर कुठल्या तरी खेड्यातली. प्रत्येकजण मला दुसऱ्याच्या दारात सोडून यायचा.

आणि या आठही पुस्तकांमधली एक ओळदेखील माझ्या मैत्रिणीनं वाचलेली नव्हती. ती बेंबळीला, मग तेरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. मराठी पुस्तकांचा तिनं फडशा पाडलेला, पण इंग्रजी कादंबरीच्या वाटेला ती कधी गेली नाही. फोनवर विचारायची, "काय लिव्हतीस त्ये सांग तरी." मी म्हणायची, "अगं, आपल्याच गोष्टी." एवढं बोलून विषय बदलायची. कारण सगळ्या पुस्तकांत ती होती. तिची वेणी, तिचे वडील, तिच्या शिव्या. ती जर म्हणाली असती की हे सगळं खोटं आहे, तर माझ्यापाशी दुसरं काय उरणार होतं? मला जगात दोनच गोष्टी होत्या, ती आणि पुस्तकं. आता त्या दोघींची गाठ पडणार होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरांनी वाचायला मनाई केलेली. म्हणून सर वाचून दाखवणार.

माणूस फार सज्जन. बेंबळीचे, वयानं माझ्या निम्मे, बोलताना सारखा चष्मा पुसायचे. त्यांनी भाषांतराला हात घातला तेव्हाच मला फोन करून एक प्रश्न विचारला होता. "मॅडम, तुमची सगळी कादंबरी 'वुई'मध्ये आहे. त्याचं मराठीत काय करू? आम्ही की आपण?"

मी जराही विचार न करता म्हटलं, "आम्ही. अर्थातच."

तसं पाहिलं तर बरोबरच होतं ते. लेखक वाचकाला सांगतो, आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. वाचक तिथं नव्हता, मग त्याला 'आपण' कसं म्हणायचं?

सर आले, पाणी प्यायले, कागद काढले. मी खांबाला टेकून उभी राहिले, बसणं शक्यच नव्हतं. मैत्रीण बाजेवर बसली, डोळ्यावर हिरवा चष्मा, हात मांडीवर. शाळेत तपासणीला आलेले साहेब बसतात तशी.

सरांनी सुरुवात केली. "आम्ही सरकीच्या ढिगावर चढायचो आणि वरून घसरत खाली यायचो. आमच्या केसांत कापूस अडकायचा. आम्ही पळून जाऊन इंजिनाच्या खोलीमागं लपायचो..."

"थांबा," मैत्रीण म्हणाली.

सर थांबले.

"आमी म्हंजी कोण?" तिनं मला विचारलं. सरांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"कोण म्हणजे? तू आणि मी."

"मग मला काय सांगायलीस, आमी घसरत हुतो म्हणून? म्या न्हवते का तिथं? माझा परकर फाटला हुता त्या ढिगावर. आईनं मला झोडपलं हुतं. आन माझ्याच ओसरीत बसून माझ्याम्होरं 'आमी'?"

सरांनी चष्मा पुसला. "बाई, व्याकरणानं तसं बरोबर आहे. लेखिका वाचकाला उद्देशून..."

"व्याकरण मला शिकवू नगा. चौथीच्या पोरांना म्या जल्मभर तेच शिकवलं. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून 'आपण', त्याला सोडून 'आम्ही'. ही बोलायली कुणाशी?"

मी म्हटलं, "वाचकांशी."

"मंग वाचकालाच सांग जा," ती म्हणाली आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलं एका सर्वनामावरून एवढा तमाशा! जगात कुणी माझ्या 'वुई'वर बोट ठेवलं नव्हतं. उलट तिकडं त्याचंच कौतुक झालं होतं, लेखिका एकटी बोलत नाही, अख्खं गाव बोलतं म्हणून. मी चप्पल घातली आणि तडक स्टेशनकडं निघाले. उन्हानं रस्ता भाजत होता. जिनिंगच्या जागी आता पत्र्याची गोदामं आहेत. रूळ मोठे झालेत, आमच्या वेळची छोटी गाडी कधीच गेली. फलाटावरच्या बाकावर बसले, उठले, दुसऱ्या बाकावर बसले.

आणि तिथं बसल्यावर हळूहळू माझा राग माझ्यावरच उलटला. मराठीत आम्ही वेगळं, आपण वेगळं. माझ्या घरच्या गुजरातीतही 'अमे' वेगळं आणि 'आपरे' वेगळं. पाळण्यापासून मला हा फरक येत होता. इंग्रजीत मात्र एकच 'वुई', सगळे बसतील एवढा ऐसपैस शब्द. कुणाला आत घेतलंय आणि कुणाला बाहेर ठेवलंय, ते सांगायची गरजच नाही. आठ पुस्तकं मी त्या शब्दाच्या आडोशाला बसून लिहिली. मी बोलत होते ग्लासगोच्या वाचकाशी, आणि सगळ्यांना सांगत होते की मी बोलते आहे येडशीतल्या माझ्या मैत्रिणीशी. हे मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून ठीक होतं. आता ज्या बाईनं विचारायला हवं, तिनंच विचारलं होतं.

परत आले तेव्हा ती पुन्हा बाजेवर येऊन बसली होती. सर बिचारे गार झालेला चहा घेऊन अवघडून बसलेले.

"सर," मी म्हटलं, "सगळीकडं 'आपण' करा."

"सगळीकडं? मॅडम, वाचक गोंधळून जातील. आणि 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा होतं."

"होऊ दे. मी हिच्याशी बोलते आहे. ज्याला ऐकायचं त्यानं शेजारी बसून ऐकावं."

मैत्रीण माझ्यासाठी चहा परत गरम करायला उठली. तिचा राग उतरल्याची ती खूण, लहानपणापासूनची. माझा जीव भांड्यात पडला.

सर पुन्हा आले ते सगळं बदलून. कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं, हा शब्द काढ, तो घाल, की झालं, असं ते मोठ्या समाधानानं म्हणाले. 'आम्हाला'चं 'आपल्याला', 'आमचं'चं 'आपलं', सगळं एका दमात.

या वेळी वाचन सुरू झालं आणि ओसरीचा नूरच पालटला. "आपण सरकीच्या ढिगावर चढायचो," सर वाचत होते आणि मैत्रीण मान डोलवत होती. मधूनच म्हणायची, "व्हय व्हय." मधूनच, "छे, चिंच न्हवती ती, बिब्बा हुता, तोंड सुजलं हुतं तुझं." मी हसत होते, कागदावर दुरुस्त्या करवून घेत होते. माझ्या कुठल्याही संपादकानं माझ्याकडून इतक्या दुरुस्त्या मान्य करून घेतल्या नव्हत्या.

मग सरांनी वाचलं, "आपलं जिनिंग गावात सर्वांत मोठं होतं."

"बरं झालं," मैत्रीण म्हणाली. "निम्मं जिनिंग माझ्या नावावर झालं. सातबाऱ्यावर चढवून घेते उद्याच."

सर लाजले, घाईघाईनं खोडू लागले. पुढच्याच ओळीत, "आपल्या वडिलांना राग लवकर यायचा."

"बावाजी माझे बाप कवा झाले?" ती इतकी हसली की डोळ्यातलं पाणी चष्म्याखालून ओघळलं आणि मी ओरडले, अगं डोळा, डोळा सांभाळ. सर प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं खुणा करत होते. "आपली आई उंबऱ्यावर मासे काढायची," असं आलं तेव्हा त्यांनी आपणहून पेन्सिल उचलली.

"त्ये ऱ्हाऊ द्या," मैत्रीण म्हणाली. "तिथं बरुबर हाय."

असे दिवस गेले. सर कॉलेज आटोपून येत, ऊन कलेपर्यंत वाचत. मला वाटू लागलं, जमलं. पुस्तक तिनं आपलं म्हटलं. आता ग्लासगोतलं घर विकावं, इथंच दोन खोल्या घ्याव्यात, असंही मनात येऊन गेलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या विमानाच्या वेळा बघितल्या. माझं हे असंच.

शेवटी निघण्याचं प्रकरण आलं. मी गाव सोडते ते. इंग्रजीतला तो परिच्छेद मला तोंडपाठ होता. परदेशात जिथं जिथं वाचन झालं तिथं मी तोच वाचला होता, आणि वाचून संपला की लोक थोडा वेळ टाळ्या वाजवायचं विसरायचे. मी मैत्रिणीच्या शेजारी बाजेवर जाऊन बसले. हे तिला आवडणार याची मला खात्री होती.

सर वाचू लागले. "आपण हात धरून फलाटावर उभ्या होतो. आपण एकमेकींशी बोललो नाही. लांबून धूर दिसला. गाडी आली. आपण गाडीत बसलो आणि गाव मागं जाऊ लागलं."

"थांबा," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. हिरव्या काचेमागं तिचे डोळे मला दिसेनात.

"गाडीत कवा बसले मी?"

सरांनी चटकन कागद मांडीवर घेतला. "चुकलं, चुकलं. कॉम्प्युटरनं केलंय. इथं आम्हीच हवं. आम्ही गाडीत बसलो."

"आमी कोण?" ती म्हणाली. "हिचे आईवडील खालीच उभे हुते. म्या खालीच उभी हुते. हिच्यासंगं हिची ट्रंक तेवढी वर चढली. आमी कोण?"

कॉम्प्युटरची चूक नव्हती ती. मूळ पुस्तकातच तसं होतं. हात धरून उभ्या होतो तेही 'वुई' आणि गाडीत बसलो तेही 'वुई', एकाच दमात, एकाच परिच्छेदात. लोक ज्यावर टाळ्या विसरायचे ते हेच. मी सगळ्यांना बरोबर घेऊन गेले, हिला, आईला, वडिलांना, सगळ्या येडशीला. निदान मला जन्मभर तसंच वाटत आलं. म्हणूनच तिकडं परक्या खोल्यांमध्ये मी एकटी राहू शकले.

सर माझ्याकडं बघत होते. पेन्सिल कागदावर टेकलेली.

"मी," मी म्हटलं. "लिहा, मी गाडीत बसले."

एवढ्या पुस्तकांत हे वाक्य मी एकदाही लिहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मैत्रिणीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण नजर सरांकडंच. "हां. आता बरुबर. म्होरं वाचा. म्या घरी कशी गेले त्ये येतंय का बघू."

सरांनी पान उलटलं. पुढचं प्रकरण ग्लासगोत सुरू होत होतं. धुलाईघर, चादरी, पाऊस. त्यांनी आणखी एक पान उलटलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ते नाहीये," मी म्हटलं.

"न्हाय?"

"मला माहीत नाही तू घरी कशी गेलीस."

"इच्यारलं असतंस तर कळलं असतं की." तिनं पाय वर घेऊन बाजेवर मांडी घातली. मग म्हणाली, "गाडी हलली तसे तुझे वडील तरातरा जिनिंगात निघून गेले. मागं बघितलं न्हाय त्यांनी. तुझी आई तिथंच फलाटावर खाली बसली. मातीत. तिला उठवंना. म्या हात दिला तर तिनं मलाच जवळ वडलं. लई वेळ बसलो तशाच. स्टेशनातले लोक बघायले, मला लाज वाटायली. मग तिनंच पदरानं माझं तोंड पुसलं आन म्हणली, चल पोरी, आपण घरी जाऊ."

सांगताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तुझ्याच खाटेवर निजायचे मग म्या. तुझे आईवडील पुण्याला गेले तवर. तिला एकटं वाटू नये म्हणून. म्हणजे तसं आईला सांगितलं हुतं. खरं तर मलाच घरी करमत न्हवतं. आमी दोघी तुझ्यावर लई बोलायचो. शिव्या बी घालायचो."

हे आईनं मला कधी कळवलं नव्हतं. पुण्याहून ती फोन करायची तेव्हा हवापाण्याचं बोलायची, तब्येतीचं बोलायची. मी अख्खं गाव लिहून काढलं आणि माझ्याच खाटेवर कोण निजत होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

सरांचा चष्मा पुसून झाला होता. ते भारावून गेले होते, कुणीही गेलं असतं. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, हे पण घालायचं का पुस्तकात? मूळ पुस्तकात नाही, पण तुमची परवानगी असेल तर..."

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "न्हाय घालायचं. त्ये आमचं हाय."